तुमचं पत्र, आमचं चित्र : बर्फातलं ते गाव कुठलं?

मागच्या अंकात मधल्या दोन पानांवर आपण पीटर ब्रुगेल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराचं 'बर्फातले शिकारी' छापलं होतं, खाली माझं चार ओळींचं टिपण, आणि त्यात मी बिनधास्त लिहून गेले की थंडीतलं इतकं आनंदी गाव दुसऱ्या कुणी रंगवलं नसेल. झालं. निम्मी पत्रं त्या एका वाक्यावर भांडायला आलीत. ज्यांच्या हातात तो अंक नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. चित्र 1565 सालचं, ओकच्या लाकडी फळीवर तैलरंगात, साधारण 117 बाय 162 सेंटिमीटर, सध्या व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये. डावीकडे उंचवट्यावर तीन शिकारी आपल्याकडे पाठ करून चाललेत, त्यांच्यामागे कुत्र्यांचा घोळका, बाजूला एका घरापुढे जाळ, पानं झडलेली उंच झाडं, खाली खोलगट भागात गाव, गोठलेली तळी, त्यावर मुंग्यांएवढी माणसं खेळतायत आणि लांबवर टोकदार डोंगर. एवढं डोळ्यासमोर ठेवलं की पुढचं वाचायला हरकत नाही.

प्रश्न : ताई, मी आणि माझा भाऊ दोघं मिळून हे गाव नकाशावर शोधतोय. ब्रुगेल ब्रसेल्सला राहायचा म्हणून आम्ही ब्रसेल्सच्या आजूबाजूला सॅटेलाइट नकाशा झूम करकरून बघितला, तर सगळं सपाट, तो उजवीकडचा सुळका काही सापडेना. डोंगर नंतर कुणी फोडले का?? की गाव दुसरीकडचं आहे?

उत्तर : डोंगर कुणी फोडले नाहीत हो, ते तिथे कधी नव्हतेच. ब्राबांट म्हणजे ब्रसेल्सच्या आसपासचा मुलूख, तिथे फार तर टेकाडं आहेत, कडेसुळके औषधालाही नाहीत. चित्रातले डोंगर आल्प्सचे. ब्रुगेल 1551 मध्ये अँटवर्प शहरातल्या चित्रकारांच्या गिल्डमध्ये, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघात, मास्टर म्हणून दाखल झाला आणि थोड्याच दिवसांत इटलीच्या वाटेला लागला. त्या काळी आल्प्स ओलांडायचे म्हणजे घोड्यावर नाहीतर पायी, त्यामुळे बघायला वेळच वेळ, आणि या माणसाने नुसतं बघितलं नाही तर ड्रॉइंगं करत गेला. परत आल्यावर हिरोनिमस कॉक नावाच्या अँटवर्पच्या प्रकाशकाने त्याच्या ड्रॉइंगवरून डोंगरदऱ्यांची मोठमोठी छापचित्रं काढली. सपाट मुलखातल्या लोकांना डोंगराचं अप्रूप असणारच की.

कारेल व्हान मांडर म्हणून एक चित्रकार-लेखक होता, त्याने 1604 मध्ये चित्रकारांची चरित्रं छापली. त्यात तो ब्रुगेलबद्दल म्हणतो की आल्प्समधून जाताना याने सगळे डोंगर नि खडक गिळले आणि घरी आल्यावर कॅनव्हासवर आणि फळ्यांवर ओकून टाकले. जरा किळसवाणं आहे पण याहून नेमकं मला तरी सुचत नाही.

तर गाव जुळवलेलं आहे. उतरत्या छपरांची घरं, चर्चचा मनोरा, गोठलेलं पाणी हे त्याच्या रोजच्या बघण्यातलं आणि मागचा पडदा दहा-बारा वर्षांपूर्वी प्रवासात बघितलेला. नकाशा बंद करून टाका. पण गंमत अशी की गाव खोटं असलं तरी त्यातलं काम एकही खोटं नाहीये. कुठल्याही माणसावर बोट ठेवा आणि विचारा हा काय करतोय, उत्तर मिळतंच. माझं या चित्रावरचं प्रेम तिथूनच सुरू होतं.

प्रश्न : घरासमोर एवढा मोठा जाळ कशाला केलाय? शेकोटी म्हणावी तर कुणी शेकत बसलेलं नाही.

उत्तर : मस्त पकडलंत. ती शेकोटी नाहीच, पेंढ्याचा जाळ आहे. हिवाळा सुरू झाला की त्या भागात डुक्कर मारायचे आणि मांस खारवून, धुरी देऊन पुढच्या महिन्यांची बेगमी करायचे. मारलेल्या डुकराच्या अंगावरचे राठ केस काढायला लाकडाचा संथ विस्तव उपयोगाचा नाही, कातडी भाजली जाईल, तिथे पेंढाच हवा, भसकन पेटतो आणि केसांपुरतं काम करून विझतो. चित्रातल्या ज्वाळा बघा, वाऱ्याने कलल्यात, उंच आणि पातळ आहेत. आसपासची माणसं जाळाची तयारी करण्यात गुंतलीत आणि एकजण चक्क टेबल उचलून आणतोय. डुक्कर स्वतः अजून दिसत नाही, पण बहुतेक जाणकार हा प्रसंग असाच वाचतात. आणि खात्री हवी असेल तर त्याचंच 1566 चं 'बेथलेहेमची शिरगणती' बघा, ब्रसेल्सला आहे, तिथे हे झाकलेलं नाही. अगदी पुढेच डुक्कर मारणं चाललंय आणि एक बाई रक्त धरायला पसरट भांडं घेऊन वाकलीये. नीट धरलंय तिने. वाया जाऊ द्यायचं नाही ना.

हे डुक्कर त्याने मनाने आणलेलं नाही. श्रीमंत लोकांच्या प्रार्थनेच्या पुस्तकांत आधी बारा महिन्यांची चित्रं असायची, प्रत्येक महिन्याचं एक ठरलेलं काम, कापणीच्या महिन्यात कापणी, डिसेंबरला बरेचदा डुक्कर. त्यातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक लिंबुर्ग भावांनी ड्यूक ऑफ बेरीसाठी 1412 ते 1416 च्या सुमारास रंगवलं, आता ते फ्रान्समध्ये शांतिलीला आहे. त्याचं फेब्रुवारीचं पान म्हणजे ब्रुगेलच्या या गावाचे आजोबा समजा. बर्फ साचलेलं शेत, आत झोपडीत कपडे वर सरकवून पाय शेकणारी माणसं, बाहेर एकजण लाकूड तोडतोय, एकजण गाढव हाकत गावाकडे निघालाय. पण ते पान मोठ्या वहीच्या पानाएवढंच, आणि ब्रुगेलने त्याच कल्पनेची भिंत भरेल एवढी फळी केली.

आणखी एक. त्या जाळाच्या वर खाणावळीची पाटी बघितलीत? एकाच हुकावर लटकतेय, आता पडेल की मग अशी. पाटीवर हरीण आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला संत आहे, शिकाऱ्यांचा संत, ज्याला हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला होता तो. अक्षरांत लिहिलंय त्याचा अर्थ साधारण 'हे हरणाचं ठिकाण'. म्हणजे खाणावळीचं नाव हरीण, पाटीवर शिकाऱ्यांचा संत, आणि खालून जाणाऱ्या तिघा शिकाऱ्यांकडे हरणाचं शेपूटसुद्धा नाही. पाटी दुरुस्त करायला कुणाला सवड झालेली दिसत नाही, त्यावरून धंदा कसा चाललाय तेही कळतं.

प्रश्न : शिकाऱ्यांना मिळालं तरी काय मग?

उत्तर : एक कोल्हा. तोही किडकिडीत, एकाच्या खांद्यावरच्या भाल्याला लटकतोय. माणसं तीन, कुत्री डझनभर आणि कोल्हा एक, करा हिशोब. त्यात पुढे बर्फात सशाच्या पावलांचे ठसे उमटलेत, म्हणजे ससा इथूनच गेला आणि यांना मिळाला नाही. एवढासा तपशील आहे, ठिपक्या-ठिपक्यांचा, छापील चित्रात तर सहज निसटतो, पण एकदा दिसला की त्या तिघांच्या पाठी वेगळ्या दिसायला लागतात. वाकलेल्या आहेत, पाय बर्फात रुतवत चाललेत, कुणी कुणाशी बोलत नाहीये. तोंडं दाखवली असती तर चेहऱ्यावर दमणूक रंगवावी लागली असती, ती याने पाठीत आणि पायांत रंगवली.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आपला मजकूर वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आनंदी गाव?? माफ करा पण आपण चित्र नीट बघितलं का. शिकाऱ्यांच्या हाताला काही लागलेलं नाही, झाडांवर काळे पक्षी बसलेत, आकाश असं की छातीवर दडपण यावं, उजव्या कोपऱ्यात पाणचक्कीचं चाक गोठलंय म्हणजे दळण बंद, आणि तिथेच पुलावरून कुणी बाई पाठीवर काटक्यांचा भारा घेऊन चाललीये तिच्याकडे तर कुणाचं लक्षसुद्धा नाही. मी निवृत्त शिक्षक आहे, चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो की आधी बघा मग लिहा. हे चित्र उपाशी गावाचं आहे, खेळणारी माणसं ही नुसती पोटातली भूक विसरायला खेळतायत.

उत्तर : सर, कान पकडते. 'आनंदी' हा शब्द मी खाली तळ्यावर नजर ठेवून लिहिला, वरच्या तिघांना विसरून. तुम्ही सांगितलेली प्रत्येक गोष्ट चित्रात आहे आणि तुम्ही न सांगितलेली एक मी जोडते. मधल्या अंतरावर एका घराचं धुराडं पेटलंय, छपरातून ज्वाळा निघतायत आणि माणसं शिडी घेऊन वर चढायच्या धडपडीत आहेत. एक घर जळतंय आणि तिथून जवळच बर्फावर लोक भोवरे फिरवतायत, काठीने चेंडू मारतायत, एक बाई दुसरीला घसरगाडीवर बसवून ओढतेय.

पण सर, 'उपाशी गाव' सुद्धा मला पटत नाही. डुक्कर आहे ना. खाणावळ उघडी आहे. रस्त्यावरून गाडी चाललीये. आणि मुलं भूक विसरायला भोवरा फिरवत नाहीत, भोवरा फिरवायला फिरवतात. मला वाटतं तुमचं नि माझं दोघांचंही चुकलं ते एकाच कारणाने, आपण गावाला एक मूड देऊन टाकला. ब्रुगेल तसं करत नाही. तो उंचवट्यावर उभा राहतो, आपल्यालाही तिथेच उभं करतो शिकाऱ्यांच्या मागे, आणि तिथून सगळं एकाच वेळी दिसतं, जळतं घरही आणि घसरगाडीही, आणि कुठल्या एकावर तो दिवा मारत नाही. थंडी सगळ्यांना सारखीच पडलीये पण कुणाच्या वाट्याला काटक्या आल्यात नि कुणाच्या वाट्याला तळं.

काळ्या पक्ष्यांचं मात्र मी अपशकुन वगैरे म्हणणार नाही. मधोमध हवेत जो लांब शेपटीचा पक्षी पंख पसरून चाललाय तो झाकून बघा, कागदाच्या तुकड्याने. चित्र एकदम दोन तुकड्यांत तुटतं, वरचा उंचवटा वेगळा आणि खालचं गाव वेगळं. झाडांचे बुंधे एकामागून एक उतारावर लहान होत जातात, नजर त्यांच्यावरून घसरत येते, आणि मग पक्षी तिला उचलून दरीपलीकडे नेतो.

हां, तुम्हाला खरंच दडपण आणणारं हवं असेल तर त्याच 1565 सालचं त्याचं दुसरं छोटं चित्र बघा, 'स्केटर आणि पक्ष्यांचा सापळा', तेही ब्रसेल्सला. गोड गाव, गोठलेली नदी, लोक मजेत घसरतायत, आणि पुढे उजवीकडे एक जुना दरवाजा काठीच्या टेकूवर तिरका उभा केलाय. खाली दाणे, भोवती पक्षी. काठीला बांधलेली दोरी घरापर्यंत गेलीये, आणि दोरी ओढणारं माणूस आत, दिसत नाही. ते चित्र इतकं खपलं की त्याच्या मुलाने आणि इतरांनी शंभरावर नकला केल्या. लोकांनी ते गोड म्हणून घेतलं की भीतीपोटी, ते आता कुणाला विचारणार.

प्रश्न : मी हौस म्हणून वॉटरकलर करते. बर्फ काढायला गेलं की माझा बर्फ कापसासारखा नाहीतर रिकाम्या कागदासारखा दिसतो. ब्रुगेलने कुठला पांढरा वापरला असेल? आणि आकाश हिरवट का आहे, ती छपाईची चूक आहे का?

उत्तर : दुसऱ्याचं आधी. नाही, चूक नाही, आकाश खरंच करडं-हिरवट आहे, आणि तळ्यांवरचा बर्फही जवळजवळ त्याच रंगाचा. मुद्दाम केलंय. गोठलेलं पाणी आरशासारखं वरचा रंग घेतं, त्यामुळे वरती एक हिरवट पट्टा नि खाली तेच हिरवट तुकडे, आणि मधलं पांढरं गाव त्या दोघांच्या चिमटीत बसतं. थंडी वाजते ती या हिरव्यामुळे, पांढऱ्यामुळे नाही. हे मला अद्दल घडून कळलं. कधीतरी मी या चित्राचं मोठं प्रिंट करून घेतलं आणि छापणाऱ्याने न विचारता 'फिकं वाटत होतं म्हणून जरा ब्राइट केलं' म्हणत आकाश निळं करून दिलं. तळी तशीच करडी राहिली. घरी लावलं तर चित्र मेलेलं! वर सुट्टीचा दिवस आणि खाली आजारी पाणी. आठ दिवसांत उतरवलं.

आता तुमचा बर्फ. ट्यूबमधला पांढरा बदलून काही होणार नाही, आजूबाजूला काय ठेवताय ते बघा. एक जाड कागद घ्या, पंचिंग मशीनने भोक पाडा आणि त्या भोकातून चित्रातला बर्फ ठिकठिकाणी बघा. कुठे पिवळसर, कुठे करडा, कुठे निळसर दिसेल, शुद्ध पांढरा फारच थोडा. तो पांढरा वाटतो कारण त्याला लागून शिकाऱ्यांचे गडद कपडे आहेत, झाडांचे तपकिरी बुंधे आहेत, विटांच्या भिंती आहेत. आणि एक गोष्ट नीट बघा, चित्रात सावल्या जवळजवळ नाहीत. आभाळ भरलेलं आहे, सूर्य नाही, त्यामुळे माणसं बर्फावर चिकटवल्यासारखी स्वच्छ दिसतात. तुम्ही उन्हातला बर्फ काढत असाल तर मात्र सगळा खेळ सावल्यांचा, फ्रेंच चित्रकार मोनेचं 1868-69 च्या हिवाळ्यातलं 'मॅगपाय' बघा, पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये, कुंपणाच्या सावल्या चक्क निळ्या. सालों म्हणजे पॅरिसचं मोठं अधिकृत चित्रप्रदर्शन, त्याच्या परीक्षकांनी ते नाकारलं होतं. तेव्हा तुमचं कुणी नाकारलं तर चांगल्या संगतीत आहात.

रिकाम्या कागदाचं म्हणाल तर वॉटरकलरमध्ये रिकामा कागद हाच बर्फ, फक्त त्यावर पावलं उमटवा. चार ठसे पुरतात.

प्रश्न : आमच्याकडे वाद झालाय, मिस्टर म्हणतात हे मूळचं ख्रिसमसचं चित्र आहे कारण सगळ्या ग्रीटिंग कार्डांवर असतं. मी म्हणते नाही. पैज लागलीये.

उत्तर : पैज तुम्ही जिंकलात. कार्डवाल्यांनी नंतर उचललं. यात कुठलाही सण नाही. मात्र ब्रुगेलने बायबलमधले प्रसंग बर्फात नेऊन ठेवलेत, त्यामुळे मिस्टरांना अर्धी मिठाई द्या. वर सांगितलेल्या 'शिरगणती'त मेरी गाढवावर बसून एका साध्या बर्फाळ गावात येते आणि कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही, शोधावी लागते. आणि त्याच्या 'निष्पापांची कत्तल' या चित्रात राजा हेरोदचे सैनिक, येशू सापडावा म्हणून बेथलेहेमची तान्ही बाळं मारायला निघालेले, अशाच एका बर्फाळ गावात घरोघर शिरतायत. त्याची मूळ प्रत इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. ती पुढे सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्याकडे गेली तेव्हा त्यातली मारली जाणारी बाळं रंगवून झाकून टाकली, त्यांच्या जागी गाठोडी, खाण्याचे पदार्थ, जनावरं आली. आता बघताना आई एका गाठोड्यावर ऊर बडवून रडताना दिसते. काही ठिकाणी वरच्या रंगाखालून मूळ बाळ पुसट डोकावतं. हे कार्डावर कुणी छापत नाही.

प्रश्न : तेव्हा छोटं हिमयुग चालू होतं ना? मी वाचलं की हे चित्र म्हणजे हवामानाचा पुरावा आहे.

उत्तर : पुरावा म्हणायला मी कचरते. छोटं हिमयुग होतं हे खरं, काही शतकं युरोप आजच्यापेक्षा गार होता, आणि 1564-65 चा हिवाळा तर जबरदस्तच, लंडनला थेम्स नदी गोठली होती. ब्रुगेलने तो हिवाळा अंगावर घेतला आणि त्याच वर्षी ही फळी रंगवली, तेव्हा संबंध नाही असं कोण म्हणेल. पण ज्या चित्रात ब्राबांटच्या घरामागे आल्प्स आहेत त्यावर थर्मामीटर कसा लावायचा? शिवाय हे चित्र ऋतूंच्या ज्या मालिकेतलं आहे त्यातच त्याच वर्षी त्याने घामाघूम होणारं कापणीचं शेतही रंगवलंय, त्यावरून उन्हाळा कडक होता असं आपण म्हणत नाही. मला वाटतं त्या हिवाळ्याने त्याला विषय आणि धीटपणा दिला, एवढं मोठं चित्र नुसत्या थंडीचं करायचं, मध्ये कुणी देव नाही, राजा नाही. त्यानंतर त्या भागात बर्फाची चित्रं हा वेगळा प्रकारच होऊन बसला. हेंड्रिक आव्हरकांप (1585 ते 1634) हा मुका चित्रकार तर आयुष्यभर गोठलेल्या पाण्यावरची माणसंच काढत राहिला. त्याच्याकडे गर्दी जास्त, गंमत जास्त, पण उंचवट्यावरचा तो गार श्वास नाही.

प्रश्न : हे चित्र गावातल्या कुणी विकत घेतलं होतं का?

उत्तर : छे. निक्लास योंघेलिंक नावाचा अँटवर्पचा बडा आसामी, त्याच्या शहराबाहेरच्या घरासाठी. वर्षाच्या ऋतूंची मालिका होती, बहुधा 6 चित्रांची, त्यातली 5 उरलीत. 'बर्फातले शिकारी', 'काळवंडलेला दिवस' आणि 'गुरं परतताना' ही तीन व्हिएन्नात, वाळल्या गवताचं प्रागला, आणि कापणीचं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये, त्यांनी ते 1919 मध्ये घेतलं. हरवलेलं आहे ते वसंताचं. म्हणजे थंडी टिकली आणि पालवी गेली.

योंघेलिंककडे ब्रुगेलची 16 चित्रं होती, आणि हे आपल्याला माहीत आहे ते त्याच्या रसिकतेमुळे नव्हे, कर्जाच्या कागदामुळे. 1566 मध्ये त्याने एका मित्राच्या 16,000 गिल्डरच्या (गिल्डर म्हणजे तिकडचं तेव्हाचं नाणं) देण्यासाठी जामीन म्हणून आपली चित्रं शहराकडे लिहून दिली, त्या यादीत ही मालिका आहे. बर्फात काटक्या गोळा करणारी ती बाई अशी कागदोपत्री तारण राहिली! त्याच 1566 च्या ऑगस्टमध्ये तिकडे चर्चमधल्या मूर्ती नि चित्रं फोडण्याची लाट आली, पुढच्या वर्षी स्पेनच्या राजाने ड्यूक ऑफ आल्बाला फौज देऊन पाठवलं. ब्रुगेल 1569 मध्ये गेला, जेमतेम चाळिशीचा असेल. घरात दोन लहान मुलगे, थोरला पाच वर्षांचा, धाकटा वर्षाचा, दोघेही पुढे चित्रकार झाले. वर सापळ्याच्या नकला म्हणाले ना, त्या थोरल्याने. बापाने स्वतःच्या नावातला 'एच' काढून टाकला होता, मुलांनी तो परत लावला, त्यामुळे सही वाचून कुणाचं चित्र ते ओळखायला बरं पडतं.

प्रश्न : मावशी, मी इयत्ता चौथीत आहे. मला कुत्रे आवडतात. चित्रात एकूण किती कुत्रे आहेत? मी 11 मोजले, दादाने 13 मोजले. आणि ते एवढे उदास का आहेत? त्यांना थंडी वाजतेय का?

उत्तर : तू आणि दादा दोघंही डोकी मोजताय. काही कुत्रे दुसऱ्या कुत्र्यांच्या आड आणि माणसांच्या पायांआड गेलेत, त्यांचं डोकं दिसत नाही, तेव्हा शेपट्या मोज आणि मग कुठली शेपटी कुठल्या डोक्याची ते पेन्सिलीने जोड. भांडण तिथेच मिटेल. काही शेपट्या गोल वळलेल्या आहेत, काही खाली लोंबतायत. थंडी वाजत असेलच, पण त्याहून ते दमलेत. सकाळपासून बर्फात पळाले, पोटापर्यंत ओले झाले, आणि मिळाला एकच कोल्हा, तो काही त्यांना खायला मिळणार नाही. आता घर जवळ आलंय हे त्यांना कळलंय, म्हणून मान खाली घालून सरळ चाललेत.

कुत्रे झाले की भिंग घे आणि पेटलेलं धुराडं शोध. मधल्या अंतरावर बघ, अंगठ्याच्या नखाएवढं घर आहे. शिडी सापडली की शिडीवर माणसं किती ते मला कळव, दादाला आधी सांगू नकोस.